गप्पांच्या इंग्रजीतला पॅसिव्ह

प्रश्न

पत्रलेखिकेचं वय २७. दहावीपर्यंत लातूर जिल्ह्यातल्या मराठी शाळेत, मग इंजिनिअरिंग, आता पुण्यात एका सॉफ्टवेअर कंपनीत टेस्टिंगचं काम. क्लायंट मँचेस्टरचा. मेल लिहिता येतात, पण चॅटवरचं आणि कॉलवरचं इंग्रजी डोक्यावरून जातं. एकदा क्लायंटचा मेसेज आला: ‘वी गॉट लेट डाउन बाय द व्हेंडर, सो द डेमोज बीन कॉल्ड ऑफ.’ ‘कॉल्ड’ दिसल्यावर आता फोन येणार असं समजून त्या रात्री उशिरापर्यंत डेस्कवर थांबल्या. डेमो रद्द झाला होता. त्यानंतर त्यांनी इंटरनेटवरून ५०० स्लँग शब्दांची यादी उतरवून घेतली आणि रोज २० शब्द पाठ करायला लागल्या. त्यातले ‘वॉना’ आणि ‘डूड’ क्लायंटच्या मॅनेजरला पाठवलेल्या मेलमध्ये गेले. टीम लीडने बाजूला घेऊन सांगितलं, ‘जरा प्रोफेशनल लिही.’ याच लीडने आधी बजावलं होतं, ‘फार पुस्तकी लिहितेस, पॅसिव्ह टाळ.’ मेल तपासणारं सॉफ्टवेअरही पॅसिव्हखाली रेघ मारतं. त्यांचे प्रश्न: यादी पुढे चालू ठेवू का? पॅसिव्ह पूर्ण सोडून देऊ का? की स्पोकन इंग्लिशच्या तीन महिन्यांच्या क्लासला पैसे भरू?

उत्तर

तुमच्या पत्रातलं मँचेस्टरचं वाक्य आधी नीट उलगडू या. ‘वी गॉट लेट डाउन’ म्हणजे व्हेंडरने आयत्या वेळी आम्हाला तोंडघशी पाडलं. हा पॅसिव्ह, म्हणजे ज्याने केलं तो नव्हे, ज्याच्यावर घडलं तो वाक्यात पुढे. ‘डेमोज बीन कॉल्ड ऑफ’ म्हणजे ‘डेमो हॅज बीन कॉल्ड ऑफ’, डेमो रद्द झालाय. हाही पॅसिव्ह. एका ओळीत दोन पॅसिव्ह आहेत, तरी वाक्य सहज बोलल्यासारखं आहे. तुम्ही मात्र धरून चालला आहात की पॅसिव्ह म्हणजे ऑफिसचं कडक इंग्रजी आणि अनौपचारिक इंग्रजी म्हणजे स्लँग. म्हणून एक शिकायचं आणि दुसरं विसरायचं, असा तुमचा बेत आहे. माझ्या मते दोन्ही एकत्रच शिकावे लागतील, कारण तुम्हाला हवे असलेले बोलीतले शब्द बऱ्याचदा पॅसिव्हमध्येच भेटतात.

स्लँगचं आधी मिटवू. स्लँग एका गटाचं असतं: एका वयाचं, एका शहराचं, कधी एका कॉलेजचं. ते लवकर शिळं होतं आणि बाहेरच्याने वापरलं की लगेच खटकतं. ‘डूड’ बरोबरीच्या दोस्ताला म्हणतात. तुमच्यापेक्षा वीस वर्षांनी मोठ्या मॅनेजरला नाही. ‘वॉना’ आणि ‘गॉना’ची गोष्ट आणखी वेगळी. ते नुसते ‘वाँट टू’ आणि ‘गोइंग टू’चे पटकन बोलताना होणारे उच्चार आहेत. कंपनीचा मोठा साहेबही भर मीटिंगमध्ये ‘गॉना’ म्हणतो, पण मेलमध्ये ‘गोइंग टू’ लिहितो. ते कानाने ओळखता आले की पुरे, लिहायची गरज नाही. तेव्हा ५०० शब्दांची ती यादी बंद करा. त्यात ‘कॉल ऑफ’ आणि ‘लेट डाउन’ असण्याची शक्यताही कमीच, कारण ते स्लँग नाहीत. मँचेस्टरमधली आजीबाई आणि बँकेतला कारकून, दोघंही ते रोज वापरतात.

ऑफिसातलं अनौपचारिक इंग्रजी मुख्यतः छोट्या क्रियापदांवर चालतं: गेट, पुट, कॉल, लेट, लुक, ब्रिंग, होल्ड. त्यांना ऑफ, अप, आउट, डाउन, इनटू अशी शेपटी लागली की अर्थ पार बदलतो. शाळेत यांना फ्रेझल व्हर्ब म्हणायचे आणि रिकाम्या जागा भरण्यापुरते ते यायचे. १०६६ साली नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकलं. त्यानंतर दरबार आणि कोर्टकचेरीत फ्रेंच, तर चर्च आणि विद्वानांच्या लिखाणात लॅटिन अशी स्थिती बराच काळ राहिली. त्यामुळे आजही एकाच कामासाठी इंग्रजीत दोन शब्द सापडतात, घरातला आणि कचेरीतला: ‘स्टार्ट’ आणि ‘कमेन्स’, ‘पुट ऑफ’ आणि ‘पोस्टपोन’, ‘लुक इनटू’ आणि ‘इन्व्हेस्टिगेट’. मराठी शाळेतून आलेल्या मुलांना कचेरीतला शब्द आधी भेटतो. शिवाय ‘कमेन्स’ डिक्शनरीत सहज सापडतो, पण ‘कॉल ऑफ’चा अर्थ ‘कॉल’ आणि ‘ऑफ’ वेगवेगळे शोधून लागत नाही. क्लायंटचा मेसेज तुम्हाला इथेच अडला.

तुमच्या कामासाठी बारा-पंधरा फ्रेझल व्हर्ब पक्के झाले तर चॅट बरंच उघडं होईल. ते जसे समोर येतील तसेच, म्हणजे पॅसिव्हमध्येच घोका. ‘द रिलीज हॅज बीन पुट ऑफ’, पुढे ढकलला. ‘द डेमोज बीन ब्रॉट फॉरवर्ड’, अलीकडे आणला. आपण ज्याला ‘प्रीपोन’ म्हणतो ते हेच, आणि ‘प्रीपोन’ इंग्लंडमध्ये अनेकांना कळत नाही. ‘वी गॉट हेल्ड अप’, अडकून पडलो, उशीर झाला. ‘युवर केस गॉट लेफ्ट आउट’, राहून गेली. ‘द रिक्वेस्ट वॉज टर्न्ड डाउन’, नाकारली. ‘द चेंज हॅज बीन रोल्ड बॅक’, बदल मागे घेतला. ‘इट्स बीइंग लुक्ड इनटू’, बघतायत. आणि ब्रिटिशांचा लाडका एकशब्दी निरोप: ‘सॉर्टेड’, मार्गी लागलं.

यात एक चूक हमखास होते. पॅसिव्ह करताना शेपटी गळते: ‘द इश्यू इज बीइंग लुक्ड’. ‘इनटू’ गेलं की या वाक्याला अर्थच उरत नाही. वाक्य प्रिपोझिशनवर संपवू नये असं कुणी शिकवलं असेल तर इथे ते विसरा. इंग्रज असंच बोलतात. कॉलवर ऐकताना जोरही बहुतेकदा शेपटीवर असतो: ‘कॉल्ड ऑफ’मध्ये ‘ऑफ’वर, ‘पुट ऑफ’मध्येही ‘ऑफ’वर. आपला कान ओळखीच्या ‘कॉल’ला पकडतो आणि शेवटचा तुकडा निसटतो. तेव्हा कान शेवटाकडे लावायची सवय करा.

काही बोलीशब्द तर मुळात पॅसिव्हमध्ये लागणारा क्रियापदाचा तिसरा फॉर्मच असतात. ‘आय ॲम स्नोड अंडर’, कामाखाली गाडली गेलेय. ‘स्वॅम्प्ड’चाही अर्थ तोच. ‘फेड अप’, ‘वॉर्न आउट’ (पार थकलेली), ‘स्टक’ हेही असेच. गोव्यातल्या हॉटेलांमध्ये काम करणाऱ्यांना ‘फुली बुक्ड’ रोज लागतं, आणि एखादा ब्रिटिश पाहुणा टॅक्सीवरून चिडून आला की ‘आय गॉट रिप्ड ऑफ’ ऐकावं लागतं, म्हणजे मला लुबाडलं. एक सापळा मात्र लक्षात ठेवा. ‘आय ॲम ब्रोक’ म्हणजे खिसा रिकामा आहे. ‘आय ॲम ब्रोकन’ म्हटलंत तर लोक काळजीने तुमची विचारपूस करतील.

आता पॅसिव्हबद्दल. इंग्लंडमधलं पाच वर्षांचं पोर ‘आय ॲम नॉट अलाउड’ म्हणतं, मला परवानगी नाही. ‘व्हॉट्स इट कॉल्ड?’ विचारतं, याला काय म्हणतात? हे दोन्ही पॅसिव्ह आहेत. ‘आय वॉज टोल्ड’, ‘इट्स सपोज्ड टू वर्क’, ‘इट्स मेंट टू बी क्विक’ ही रोजच्या बोलण्यातली वाक्यं त्याच साच्यातली. मग आपल्याला पॅसिव्ह इतका सरकारी का वाटतो? एक कारण आपल्याकडच्या नोटिसा. ‘सर्व नागरिकांना कळविण्यात येते की’ हे वळण कानात इतकं बसलंय की पॅसिव्ह म्हटलं की आपण तोच सूर लावतो. दुसरं कारण शाळेतला ‘चेंज द व्हॉइस’. ‘राम एट अ मँगो’चं ‘अ मँगो वॉज ईटन बाय राम’ करायचं आणि गुण मिळवायचे. तो व्यायाम स्पर्धा परीक्षेसाठी लागत असेल तर खुशाल करा, पण त्याने एक वाईट सवय लागते: प्रत्येक पॅसिव्हला ‘बाय’ची पुरवणी जोडायची. प्रत्यक्ष इंग्रजीत बहुतेक पॅसिव्ह वाक्यांत ‘बाय’ नसतंच. कर्ता माहीत नसतो, किंवा सगळ्यांना माहीत असतो, किंवा त्याच्याशी कुणाला देणंघेणं नसतं, म्हणूनच पॅसिव्ह वापरतात. ‘बाय’ तेव्हाच येतं, जेव्हा कर्ता ही नवी खबर असते. तुमच्या क्लायंटने ‘बाय द व्हेंडर’ लिहिलं, कारण दगा कुणी दिला हे तुम्हाला माहीत नव्हतं.

इथे आपली मराठीही थोडा घोळ घालते. ‘मी रिपोर्ट पाठवला’ या वाक्यात ‘पाठवला’ रिपोर्टच्या मागे जातं. चिठ्ठी असती तर ‘पाठवली’ झालं असतं. मराठी व्याकरणात हा कर्मणी प्रयोग, आणि ‘कर्मणी म्हणजे पॅसिव्ह’ असं समीकरण बऱ्याच वर्गांत फळ्यावर लिहिलं जातं. पण या वाक्याचं इंग्रजी साधं ॲक्टिव्ह आहे: ‘आय सेंट द रिपोर्ट’. ‘द रिपोर्ट वॉज सेंट बाय मी’ म्हणजे मराठीत ‘माझ्याकडून रिपोर्ट पाठवला गेला’. असं तुम्ही कधी म्हणाल? फार तर चुकून पाठवल्यावर. इंग्रजी कानालाही ते तितकंच विचित्र लागतं. तुमच्या मेलमधली ‘बाय मी’ आणि ‘बाय अवर टीम’ शोधून काढा. लीडला जे पुस्तकी वाटतंय त्यातलं पुष्कळसं तिथेच सापडेल असं मला वाटतं.

आता सगळ्यात महाग पडणाऱ्या चुकीकडे येऊ. आपल्याकडच्या मेलमध्ये रोज दिसतं: ‘द मीटिंग हॅज कॅन्सल्ड’, ‘युवर रिक्वेस्ट हॅज अप्रूव्ह्ड’. हे का होतं? मराठीत जोड्या आहेत: रद्द करणे आणि रद्द होणे, मंजूर करणे आणि मंजूर होणे, दुरुस्त करणे आणि दुरुस्त होणे. इंग्रजीतल्या ‘कॅन्सल’, ‘अप्रूव्ह’, ‘फिक्स’ यांच्यात फक्त ‘करणे’ आहे. ‘होणे’ हवं असेल तर ते पॅसिव्हनेच तयार करावं लागतं: ‘हॅज बीन कॅन्सल्ड’. म्हणून लिहिण्याआधी मराठी वाक्य मनात म्हणून बघा. त्यात ‘झालं’ असेल आणि त्या ‘होणे’ला ‘करणे’ची जोडी असेल, तर ‘बीन’ किंवा ‘गॉट’ लागण्याची शक्यता दाट.

याला दोन अपवाद आहेत. ओपन, स्टार्ट, स्टॉप, चेंज, ब्रेक अशी क्रियापदं दोन्ही बाजूंनी चालतात: ‘द मीटिंग स्टार्टेड’, ‘द प्राइस चेंज्ड’. तिथे पॅसिव्ह लागत नाही. दुसरा अपवाद हॅपन, ऑकर, अपिअर, डिसअपिअर, अराइव्ह यांचा. यांचा पॅसिव्ह होतच नाही. ‘द एरर वॉज ऑकर्ड’ हे वाक्य टेस्टिंगच्या अहवालांत सर्रास असतं आणि प्रत्येक वेळी चूक असतं. ‘द एरर ऑकर्ड’ एवढंच लिहा. ‘द बटन वॉज डिसअपिअर्ड’चंही तेच: ‘द बटन डिसअपिअर्ड’. बग रिपोर्ट, म्हणजे सॉफ्टवेअरमधल्या दोषाचा अहवाल, पाठवण्याआधी ‘वॉज ऑकर्ड’ आणि ‘वॉज हॅपन्ड’ सर्च करून बघायला अर्धं मिनिट लागतं.

मग ‘बीन’ आणि ‘बीइंग’. ‘द बग हॅज बीन फिक्स्ड’, दुरुस्त झालाय. ‘द बग इज बीइंग फिक्स्ड’, काम चालू आहे. या दोघांच्या मध्ये आपण ‘इज बीन फिक्स्ड’ असं तिसरंच काढतो, जे इंग्रजीत नाही. वाचणाऱ्याला कळत नाही की काम झालं की चालू आहे. एखादा क्लायंट झालं असं समजून पुढच्या कामाला लागतो आणि संध्याकाळी वादावादी होते. ‘हॅज’ आणि ‘हॅव’ आलं की ‘बीन’. ‘इज’, ‘आर’, ‘वॉज’ आलं की ‘बीइंग’. यात मधली वाट नाही. बोलताना अडचण वाढते, कारण ‘इट्स’मध्ये ‘इज’ही लपतो आणि ‘हॅज’ही, आणि ‘बीन’ इतका घाईत येतो की ‘बिन’ ऐकू येतं. कॉलवर शंका आली तर सरळ विचारा, ‘सो इट्स डन?’ कुणी हसणार नाही.

‘गॉट’ला मी वेगळी जागा देते, कारण बोलीतला पॅसिव्ह बराचसा त्याच्यावर चालतो. आपल्या ‘पकडला गेला’, ‘चोरीला गेला’मधल्या ‘गेला’शी त्याचं जुळतं: ‘ही गॉट कॉट’, ‘माय फोन गॉट स्टोलन’. कुणाच्या तरी बाबतीत काहीतरी घडलं, बरं किंवा वाईट, हा भाव त्यात असतो. ‘शी गॉट प्रमोटेड’, ‘दे गॉट सॅक्ड’. नोकरीवरून काढलं याला ब्रिटिश माणूस ‘सॅक्ड’ म्हणतो, अमेरिकन ‘फायर्ड’. ‘गॉट’चा एक सरळ फायदा आहे. ‘द विंडो वॉज ब्रोकन’ म्हणजे काच फुटलेली होती की कुणी फोडली, ते उमगत नाही. ‘द विंडो गॉट ब्रोकन’ म्हटलं की घटना घडली हे स्पष्ट.

नियम मोजके आहेत. प्रश्न आणि नकार ‘डू’ने होतात: ‘डिड यू गेट पेड?’, ‘आय डिडन्ट गेट इन्व्हायटेड’. ‘वर यू गॉट पेड’ नाही. जाणणे, आवडणे, मालकी असणे अशा स्थिर क्रियापदांना ‘गॉट’ लागत नाही. ‘द आन्सर गॉट नोन’ असं कुणी म्हणत नाही. आणि औपचारिक अहवालात ‘गॉट’ टाळा, तिथे ‘वॉज’ शोभतं. याच घरातलं ‘गेट समथिंग डन’ही उचला. मराठीत ‘मी केस कापले’ म्हटलं तरी सलूनमध्ये जाऊन आलो हे कळतं. इंग्रजीत ‘आय कट माय हेअर’ म्हणजे तुम्ही स्वतः कात्री चालवली. ‘आय गॉट माय हेअर कट’ म्हणायचं. ऑफिसात: ‘आय विल गेट इट चेक्ड’, तपासून घेते. हे वाक्य क्लायंटला फार आवडतं.

लीडच्या दुसऱ्या सल्ल्याकडे वळू. पॅसिव्ह टाळा ही शिकवण ब्रिटनमध्ये १९७९ साली सुरू झालेल्या प्लेन इंग्लिश कॅम्पेनसारख्या चळवळींनी खूप पसरवली. त्यांचा रोख सरकारी पत्रांवर होता, ज्यांत ‘तुमचा अर्ज नाकारण्यात आला आहे’ असतं आणि कुणी, का, दाद कुणाकडे मागायची, यातलं काहीच नसतं. तिथे तो सल्ला योग्यच. तुमच्या कामात तो कुठे लागू पडतो याची माझी कसोटी अशी: घडून गेलेल्या गोष्टीला पॅसिव्ह चालतो, पुढच्या वचनाला चालत नाही. ‘द बिल्ड वॉज डिप्लॉइड ॲट ९:४०’ ठीक, कारण विषय बिल्ड, म्हणजे सॉफ्टवेअरची तयार आवृत्ती, हा आहे. पण ‘द रिपोर्ट विल बी सेंट’ वाचून क्लायंट विचारतो, कोण पाठवणार? तिथे ‘आय विल सेंड इट बाय फाइव्ह’. चूक कबूल करतानाही ॲक्टिव्ह वापरा. ‘इट वॉज मिस्ड’ म्हणजे हात झटकणं, ‘वी मिस्ड इट’ म्हणजे जबाबदारी घेणं. दुसऱ्याची चूक दाखवताना उलट पॅसिव्ह कामाला येतो: ‘यू डिलीटेड द फाइल’ हा आरोप झाला, ‘द फाइल गॉट डिलीटेड’मध्ये माणुसकी राहते. सॉफ्टवेअरच्या रेघेला यातलं काही कळत नाही. त्याला फक्त ‘वॉज’ आणि तिसरा फॉर्म शेजारी दिसतो.

औपचारिकता नेमकी कशात असते, ते एकच घटना (कॉन्फिग, म्हणजे सेटिंगची, चुकीची फाइल वापरली गेली) तीन ठिकाणी लिहिली की दिसतं. चॅटवर: ‘लुक्स लाइक द कॉन्फिग गॉट मेस्ड अप. इट्स बीइंग सॉर्टेड.’ मेलमध्ये: ‘द राँग कॉन्फिग फाइल वॉज यूज्ड लास्ट नाइट. इट्स बीइंग फिक्स्ड नाऊ.’ अहवालात: ‘ॲन इनकरेक्ट कॉन्फिगरेशन फाइल वॉज डिप्लॉइड ॲट २१:४०. द चेंज वॉज रोल्ड बॅक ॲट २२:१५.’ तिन्हीकडे पॅसिव्ह आहे. बदलले ते शब्द, वेळेची नोंद, आणि ‘गॉट’च्या जागी आलेला ‘वॉज’. गंमत म्हणजे ‘रोल्ड बॅक’ फ्रेझल व्हर्ब असूनही अहवालात खपतो, कारण तांत्रिक कामात तोच रूढ शब्द आहे. अशा गोष्टी कुठल्याच यादीत मिळत नाहीत.

म्हणून यादीऐवजी तुमच्या क्लायंटचं चॅटच पाठ्यपुस्तक करा. आठवड्याला पाच वाक्यं बास, रोज वीस नकोत. अख्खं वाक्य वहीत उतरवा, सुटा शब्द नाही. कंपनीची माहिती घरी नेऊ नका. नावं आणि प्रॉडक्ट गाळून लिहा. शेजारी कुणी कुणाला लिहिलं ते टिपा: बरोबरीच्याने बरोबरीच्याला, की साहेबाने टीमला. मग शब्द डिक्शनरीत बघा, पण इंग्रजी-मराठी नव्हे. ऑक्सफर्ड, केंब्रिज आणि लाँगमन यांच्या शिकणाऱ्यांसाठीच्या डिक्शनऱ्या ऑनलाइन फुकट आहेत. त्यांत शब्दापुढे शिक्का असतो: इन्फॉर्मल, फॉर्मल, स्लँग, ओल्ड-फॅशन्ड, ऑफेन्सिव्ह, ब्रिटिश की अमेरिकन. सहसा कुणी पाहत नाही असा एक शिक्का तुमच्यासाठी सोन्याचा आहे: ‘यूज्वली पॅसिव्ह’. म्हणजे हा शब्द बहुतेक पॅसिव्हमध्येच वापरतात. तो दिसला की ॲक्टिव्ह करून बघायच्या भानगडीत पडू नका, आहे तसाच उचला.

त्या पाच वाक्यांची प्रत्येकी तीन रूपं लिहा: चॅट, मेल, अहवाल. मग मोठ्याने वाचा, शेपटीवर जोर देऊन. स्वतः वापरण्याआधी एक पथ्य पाळा: तो शब्द तीन वेगवेगळ्या माणसांकडून वाचला किंवा ऐकला असला पाहिजे. एकाच माणसाची लकब आपण भाषा समजून उचलतो आणि फसतो. सुरुवातीला शब्द फक्त चॅटवर वापरा, मेलमध्ये नंतर. मेल तपासताना एका परिच्छेदात तीनहून जास्त फ्रेझल व्हर्ब दिसले तर एखादा कमी करा. नवा शब्द हाती आला की तो सगळीकडे पेरायची हौस येते, आणि मेल पुन्हा ‘डूड’च्या दिशेने घसरतो.

शिव्यांच्या कुंपणावरचे शब्द समजून घ्या, लिहू नका. क्लायंट ‘स्क्रूड अप’ म्हणाला तरी तुम्ही ‘मेस्ड अप’वर थांबा. ‘पिस्ड’ तर दुहेरी सापळा आहे: ब्रिटनमध्ये दारू चढलेला, अमेरिकेत चिडलेला, आणि दोन्हीकडे असभ्य. आपल्याकडचे दोन शब्दही मँचेस्टरला जाताना घरीच ठेवा. ‘आय पास्ड आउट इन २०२०’ म्हणजे त्यांच्या कानाला तुम्ही २०२० साली बेशुद्ध पडलात, ‘ग्रॅज्युएटेड’ लिहा. ‘रिव्हर्ट’चा आपला ‘उत्तर देणे’ हा अर्थ त्यांच्याकडे नेहमीचा नाही. त्याऐवजी ‘आय विल गेट बॅक टू यू’.

सिरीज बघून शिकावं का, असाही विचार तुमच्या मनात येईल. कान तयार व्हायला चांगलं आहे, विशेषतः तो घाईतला ‘बिन’ पकडायला. इंग्रजी सबटायटल लावा, मराठी-हिंदी नको. पण सिरीजमधले लोक प्रेमात पडतात आणि भांडतात, बग रिपोर्ट लिहीत नाहीत. तिथला शब्द ऑफिसात आणण्याआधी डिक्शनरीतला शिक्का बघाच. आयइएलटीएसची, म्हणजे परदेशी जाण्यासाठी लागणाऱ्या इंग्रजीच्या परीक्षेची, तयारी करणाऱ्यांनी मात्र दोन्ही बाजू सांभाळाव्यात. स्पीकिंगमध्ये बोलीतले, इडियमचे शब्द नेमके वापरता आले तर गुणांना मदत होते. ॲकॅडमिक रायटिंगच्या पहिल्या प्रश्नात कधी एखाद्या प्रक्रियेचं चित्र येतं, जसं विटा कशा बनतात, आणि तिथे पॅसिव्हशिवाय पान हलत नाही: ‘द क्ले इज डग अप, कट, ड्राइड अँड फायर्ड’. ‘डग अप’ तिथेही आहेच, बघा.

राहिला क्लास. लगेच पैसे भरू नका. दोन महिने वहीचं काम करा, मग ठरवा. तुम्हाला कमी पडतोय तो सराव; बोलायला आणि चूक दाखवायला कुणीतरी हवं. तो क्लास हे देतो का, हे डेमोच्या तासात कळतं. वर्गात किती जण आहेत आणि तासभरात तुम्हाला किती मिनिटं बोलायला मिळालं ते बघा. वीस-पंचवीस जणांच्या वर्गात शिक्षकच पाऊण तास बोलत असतील तर तुमच्या वाट्याला मिनिट-दोन मिनिटं येतील. त्यापेक्षा टीममधल्या एखाद्या सहकाऱ्याबरोबर आठवड्यातून दोनदा वीस मिनिटं इंग्रजीत कालच्या कामाचा आढावा घ्या, आणि एकमेकांचे ‘बीन’ मोजा. डेमोच्या तासात ‘पुट ऑफ’ आणि ‘पोस्टपोन’ कुठे कुठे वापरायचं, असं विचारून बघा. ‘अर्थ एकच, कुठलंही चालेल’ असं उत्तर आलं तर फी वाचवा. ‘कुणाला लिहिताय?’ असा उलट प्रश्न आला तर नाव नोंदवायला हरकत नाही.